सासूबाईंची वाळवंटी गुलबक्षी

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणत, कारण ती लोकांच्या घरांचे पडदे शिवायची. तिचं मशीन मागच्या दाराशी होतं आणि दाराबाहेरच्या हातभर अंगणात सासूबाईंची वाळवंटी गुलबक्षी पसरलेली होती. त्यांनी तिचा कंद माहेरच्या रखरखीत मुलखातून स्वतः उचलून आणला होता. उन्हात बाकीची झाडं माना टाकायची, ही मात्र ठणठणीत. दिवस कलला की जांभळट गुलाबी फुलं उघडायची आणि सकाळी ऊन चढलं की मिटायची. "हिला पाणी घातलंस तर याद राख," सासूबाई बजावायच्या. "हिची मुळं तुझ्या-माझ्यापेक्षा शहाणी आहेत."

"तुमच्यापेक्षा शहाणं कोण असणार?" सून म्हणायची. भांडल्याशिवाय दोघींनाही घास गोड लागत नसे.

मग सासूबाईंचं हृदय थकलं. अंगात पाणी साठायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या पिण्याच्या पाण्यावर बंधन घातलं. पाण्याचं भांडं सुनेच्या ताब्यात आलं. "घोटभर दे गं," म्हातारी म्हणायची. "तुझ्या बापाची विहीर आटतेय का?" सून ओल्या बोळ्यानं तिचे ओठ टिपायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची. शेवटच्या दुपारीही म्हातारीनं घोटभरच मागितलं. सुनेनं दिलं नाही. नंतर सगळे म्हणाले, किती मनापासून केलंस गं! लोकांना बोलायला काय जातं? तिला ते शब्द सुईसारखे टोचायचे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, फुलं उघडायच्या वेळी, मशीनच्या खडखडाटातून तिला आवाज आला. "घोटभर दे गं." तिचे हात जागच्या जागी थांबले. अंगणात कोणी नव्हतं. ती उठली आणि मगभर पाणी झाडाच्या बुडाशी ओतून आली. आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोजच यायला लागला, आणि ती रोज ओतत गेली.

पानं पिवळी पडली. तिला वाटलं, तहानेनंच. मगाच्या जागी बादली आली.

नवरा शाळेची बस चालवायचा. एकदा त्यानं घरी आल्यावर एक फांदी सहज उचलली, तर ती सडक्या देठासकट हातात आली. "आईच्या झाडाला पाणी कोण घालतंय?" तो ओरडला. तेव्हा तिनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला नाही ऐकू येत?"

"मला कशाला येईल? जिवंतपणी तरी ती माझ्याशी कुठे बोलायची? सगळं तुझ्याशीच."

आधी पाणी न देऊन मारलं, आता पाणी देऊन मारतेय, हे तिच्या मनातून हलेना. आईंचं म्हणून जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं.

रोपवाटिकेतल्या बाईंनी उपाय सांगितला. कंद उकरून काढा, सडका भाग कापा, सावलीत सुकू द्या, मग खडी मिसळलेल्या मातीत लावा. "आणि कोंब येईपर्यंत थेंबही घालायचा नाही."

कंद निघाला तो चांगला भोपळ्याएवढा. सावली आणि वारा दोन्ही असलेली जागा घरात एकच होती, सासूबाईंची खोली. त्यांच्याच पलंगावर तो ठेवला. आता संध्याकाळचा आवाज तिथून यायचा, सुकलेल्या जिभेचा, अगदी शेवटच्या दिवसांतला. ती भांडं भरून दारापर्यंत जायची आणि "नाही आई, नाही देता येत," म्हणत परतायची. एकदा बोळा भिजवून ती पार पलंगापर्यंत गेली. हात पुढे केला, आणि तो बोळा स्वतःच्याच तोंडात कोंबून खाली फरशीवर बसली.

कंद मातीत गेला, तसा आवाजही पुन्हा अंगणातून यायला लागला. कोंब यायला वेळ लागला, पण आले. पुढच्या उन्हाळ्यात पहिली कळी फुगली, त्या दिवशी तिनं मशीन लवकर झाकलं आणि नवऱ्यालाही अंगणात बोलावलं. फूल उघडलं. वास सुटला.

"वाचवलंस," नवरा म्हणाला. "आता तरी सुखानं झोप."

ती कान देऊन उभी होती. शेजारी कुणीतरी भांडी लावत होतं. आणखी एक फूल उघडलं, मग आणखी एक. कोणी काही मागितलं नाही.

"अहो, आई बोलत नाहीयेत," ती म्हणाली. ती आत धावली, भांडं काठोकाठ भरून घेतलं आणि रिकाम्या पलंगाशी जाऊन उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "मागा ना. आता देते."