एक माप मोठी

काल गाडीच्या दरवाजाचं डिझाइन सेव्ह करताना घरच्या कॉम्प्युटरवर मेसेज आला, हार्ड डिस्क भरली. हा कॉम्प्युटर मी शिकत असताना जिथून घेतला, ते चाकणचं दुकान एकदम आठवलं. नव्या प्लास्टिकचा वास, आणि शिफ्ट सुटून थेट आलेल्या आईच्या हातांना ग्रीसचा.

"घरी वापरायला छोटी हार्ड डिस्क पुष्कळ झाली, ताई," दुकानदार म्हणाला.

आईला त्यातलं काही कळत नव्हतं. पण माझा शाळेचा ड्रेस ती नेहमी मोठाच घ्यायची आणि खालून दुमडून शिवायची.

"वाढत्या अंगाची द्या, भाऊ. लेकरू अजून शिकायलंय."

मी लाजून रस्त्याकडे बघत राहिले होते.

काल कुरुळीला आईकडे फोन लावला. "आई, तुझी हार्ड डिस्क अंगाला बरोबर बसली गं."

"मग आता दुसरी घे," ती म्हणाली. "एक माप मोठी."