एमटेकच्या दुसऱ्या वर्षी पेपर नसतात

मित्रांनो, दुपारपासून मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

मी यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एमटेकला शिकवतो. आज माझ्या विद्यार्थिनीचे, वैष्णवीचे वडील बोरी अरबहून तिला घरी न्यायला आले. हातात लग्नाची पत्रिका. वैष्णवी मागे मान खाली घालून उभी.

"सर, पोरीचं शिकणं झालं. आता लग्नाले या लागते तुमाले."

"काका, अजून अख्खं वर्ष बाकी आहे."

त्यांनी खिशातून अभ्यासक्रमाचा कागद काढला. पहिल्या दोन सेमिस्टरखाली विषयांची रांग, पुढच्या दोन्हींखाली एकच शब्द: प्रबंध. "पेपरच नाही, तं मंग बाकी काय राह्यलं?"

मी समजावलं, की पेपर ही नुसती तयारी, खरं एमटेक याच वर्षात होतं. काळी माती फुगून रस्ते का फुटतात, यावर वैष्णवीचे प्रयोग सुरू आहेत. त्यासाठी रोज लॅबमध्ये यावं लागतं.

काका गोंधळले. "पण सर, ॲडमिशनच्या टायमाले तुमीच घरी आलते ना? दुसऱ्या वर्षी यायचं काम नाही, घरूनच होते, असं तुमीच म्हटलं. मी पोराकडच्या पाहुण्यायले तेच सांगतलं."

खरं होतं. जागा भरायच्या होत्या. प्रत्येक घरी मी तेच सांगत फिरलो होतो.

जाताना वैष्णवी पहिल्यांदा बोलली. "सर, माती भिजत ठेवली आहे. उद्या किती फुगली, ते कोण पाहीन?"

तुम्ही तिला काय उत्तर दिलं असतं?