दादाचा ब्रेक

“काही नाही झालं, चल पुढे,” असं तोंडानं म्हणताना दादाचा उजवा पाय मात्र गाडीच्या तळाशी रुतलेला असायचा. शेजारच्या सीटसमोर ब्रेक नसतो, हे त्याला वीस वर्षांत कळलं नाही. शिकणाऱ्यानं गाडी कुंपणाकडे नेली की हा तिथे ब्रेक दाबायचा.

माझा सख्खा थोरला भाऊ, आणि एक नंबरचा बावळट. असा एखादा तुमच्याही घरात असेल. नसेल तर सुखी आहात.

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या आसपास नव्यानं आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला कुणीतरी दादाचा नंबर द्यायचं. कारण इथे लायसन्सच्या टेस्टला गाडी आपली आपण न्यायची, आणि शिकाऊ माणूस चुकला तर परीक्षकाला थांबवता यावी म्हणून दोन सीटांच्या मध्ये हँडब्रेक असलेली बरी. नव्या गाड्यांत नुसतं बटण असतं. म्हणून दादानं आपली करडी, खटारा गाडी विकलीच नाही. पगार माझ्यापेक्षा जास्त, आणि गाडी अशी की मंदिराच्या पार्किंगमध्ये मी तिला ओळख दाखवत नसे.

“विकून टाक रे ती.”

“मग पोरं टेस्टला काय सायकल नेतील?”

गाडीवरचा प्रत्येक पोचा त्याला शिष्याच्या नावानिशी पाठ. “हा नागपूरच्या कुलकर्णीचा. हुशार मुलगा!” हुशार मुलगा लायसन्स मिळताच नव्या गाडीतून भुर्रकन गेला, तो पुन्हा फिरकला नाही. दादा तरीही खूशच.

मागच्या दाराचा सगळ्यात मोठा पोचा माझा. कचऱ्याचे दोन डबे उभे करून दादा मला त्यांच्यामध्ये गाडी लावायला शिकवत होता. मी डबे सोडून विजेचा खांब निवडला. टेस्टला तीनदा नापास झालो. तिसऱ्यांदा परीक्षकानं हँडब्रेक असा खेचला की माझा चष्मा डॅशबोर्डवर. त्याच आठवड्यात दिवाळीच्या जेवणाला भर पंगतीत मी जाहीर केलं, “दादाला शिकवताच येत नाही. आणि गाडी तर भंगार!”

सगळे दादाकडे बघायला लागले. तो श्रीखंड वाढून घेत म्हणाला, “खरंय. ब्रेक जरा उशिरा लागतो तिचा.”

ब्रेक उत्तम लागत होता. माझ्या टेस्टसाठी त्यानं तो मुद्दाम नवा बसवून घेतला होता, आणि हे मला माहीत होतं. आता अशा माणसाला मान कसा द्यायचा, सांगा! त्यापेक्षा बावळट म्हणणं सोपं. पुढची पंधरा वर्षं मी तेच केलं.

मार्चमध्ये दादा गेला. वहिनी म्हणाल्या, “भावजी, गाडीचं तुम्हीच काय ते बघा.” मी भंगारवाल्याला शनिवारची वेळ दिली. शुक्रवारी दादाचा फोन वाजला, तो मीच उचलला.

“दादा, मी पल्लवी. मंगळवारी माझी टेस्ट आहे. उद्या प्रॅक्टिस घेतो म्हणाला होतात.”

मी दादा गेल्याचं सांगितलं. ती चाचरत म्हणाली, “सॉरी काका. तशी गाडी अजून कुणाकडे आहे का हो? हे दिवसभर मॅनहॅटनला असतात, आणि बाळाचे डॉक्टर लांब आहेत. आता चुकलं तर पुढची तारीख दोन महिन्यांनी.”

थोरला तो दादा, आणि धाकटा मी काका! खरं तर तिथेच फोन ठेवायला हवा होता.

भंगारवाल्याला कॅन्सल केलं. फक्त मंगळवारपर्यंत, असं स्वतःला बजावलं. शनिवारी पल्लवी स्टिअरिंगवर आणि मी दादाच्या जागेवर. आरशात कचऱ्याचा डबा मोठा मोठा होत गेला. माझा उजवा पाय आपोआप खाली गेला आणि कशात तरी नेमका बसला. वाकून पाहिलं. रबरी चटई झिजून तिथे आरपार भोक पडलं होतं, चवड्याएवढं.

मूर्ख माणूस! वीस वर्षं नसलेला ब्रेक दाबत बसला.

धाडकन डबा आडवा झाला. पल्लवी माझ्याकडे वळली. “काका, माझं चुकलं ना?”

मी पाय तिथून काढला नाही.

“छे,” मी म्हणालो, “ब्रेक जरा उशिरा लागतो हिचा.”