लोकर माझी नव्हती

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. आता टाळणार नाही. कुणाला राग आला तर येऊ दे.

सांगलीच्या कॉलेजात मी डीएनए शिकवायचो. त्याच्या आतल्या पायऱ्या एकमेकींवर घट्ट रचलेल्या असतात म्हणून तो ताठ राहतो, असं एकदा सांगत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. घरची मेंढरं, औंधच्या पुढच्या माळावरची.

"सर, मग मीठ घातल्यावर तो लवचीक का होतो?"

मला उत्तर येत नव्हतं. तिनंच दिलं. "थंडीत आमी लोकर पिंजतो तवा केस एकमेकांपासून लांब पळत्यात. सगळ्यांवर विजेचा सारखाच भार. पाणी शिंपडलं की गप बसत्यात. डीएनएच्या दोन्ही कडांना ऋणभार हाय, म्हणून तो अंग ताठ धरतो. मिठातला धनभार जवळ आला की सैल पडतो."

"बाई, मेंढरं माळावर ठेवून वर्गात येत जा," मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली. पुढं एमएस्सीला जायचं तिच्या मनात होतं, त्याला माझी शिफारस लागणार होती. ती मागायला आलीच नाही.

सुट्टीत मी पुस्तकं उघडली. माझं म्हणणं चूक नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं तिचं. पुढच्या वर्षापासून लोकरीचा दाखला मीच देऊ लागलो, तिचं नाव न घेता.

परवा साताऱ्यात माझा सत्कार झाला. 'सरांची लोकर' म्हणून टाळ्या पडल्या. मी माइक घेतला आणि लोकर कुणाची ते सांगू लागलो.

"सर, जुनं झालं ते. जेवणं थांबलीत," आयोजक कानाशी लागला.

"थांबू देत. तिचं शिक्षण थांबलं तेव्हा कुणाला घाई नव्हती."

सगळं सांगूनच खाली बसलो. दोघंतिघं न भेटताच गेले. जाऊ देत.

मग औंधला गेलो, तिच्या घरी. तिचेही केस पिकलेत.

"आवं सर, या की." चहा देताना हसून म्हणाली, "आमची लोकर अजून शिकवता व्हय?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. भरसभेत सगळं सांगून आलो होतो. इथं 'चुकलो, पोरी,' एवढंच म्हणायचं होतं. मी कपाकडे बघत राहिलो.

"साखर कमी हाय का, सर?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."