गुडघ्याला बांधलेला मफलर

काल कपाट आवरताना एक हिरवा लोकरी मफलर हाताला लागला आणि २०१६ च्या हिवाळ्यातली आयर्लंडमधल्या विकलोच्या डोंगरातली ती चढण आठवली. तिथल्या नास गावच्या आमच्या हॉस्पिटलातला, रुग्णांच्या ढकलगाड्या नेणारा साठीचा पोर्टर हरणाच्या शिकारीला निघाला होता. ‘सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेत मी,’ अशी फुशारकी मारून मीही बरोबर गेलो. चार तास चिखल तुडवल्यावर त्याने एका दूरच्या दरीत हरीण टिपलं, तिथेच कापलं आणि मांस आमच्या दोघांच्या पाठपिशव्यांत भरलं. ते ओझं घेऊन मी जेमतेम शंभर पावलं चढलो असेन, छाती फुटायला आली. पण दमलो म्हणायची लाज वाटली, म्हणून मी, चांगला हाडांचा डॉक्टर, ‘मुरगळला!’ म्हणत गुडघा धरून खाली बसलो. ‘ग्रँड, डॉक्टर, सगळं ठीक आहे, काळजी करू नका,’ म्हणत त्याने चिखलात बसून गळ्यातला मफलर माझ्या गुडघ्याला बांधला, आपली पिशवी वर नेऊन ठेवली आणि माझी न्यायला तो पुन्हा खाली उतरला. पुढच्या रविवारी मफलर परत करायला गेलो तेव्हा गाडीतून धडधाकट उतरलो आणि त्याच्या फाटकापासून लंगडायला लागलो. ‘राहू द्या तुम्हालाच,’ गाडी थांबल्यापासून दारात उभा असलेला तो म्हणाला, ‘अजून लागेल.’ काल मी तो घडी करून पुन्हा कपाटात मागेच सरकवला.