डोळे मिटून दिलेलं उत्तर

पत्रकं चिकटवायच्या खळीचा वास आला की दौंडजवळची ती कर्णबधिरांची शाळा आठवते. मुख्याध्यापक म्हणून आमचे कर्णबधिर सरच हवेत, यासाठी विद्यार्थी भिंतींवर पत्रकं चिकटवून फाटकात बसले होते. माझी बहीण त्यांच्यात होती, म्हणून ऐकू येणारी मीही. संस्थेचे अध्यक्ष आप्पा खुणांची भाषा येणाऱ्या बाईंना घेऊन आले. “पुढच्या साली बघू, सांगा त्यास्नी.” बाईंचे हात उठताच सगळ्यांनी डोळे मिटले. “आरं, डोळं उघडाया सांगा की!” “कसं सांगू, आप्पा?” बाईंना हसू आवरेना. ऊन चढलं, तरी एकही पापणी उघडली नाही. अखेर आप्पा घाम पुसत म्हणाले, “बरं, तुमचंच सर!” मी बहिणीचा खांदा हलवला, तिने शेजारणीचा, आणि डोळे उघडत गेले. मग टाळ्यांऐवजी सगळ्यांचे हात हवेत थरथरले. आजही कुणी ‘पुढच्या साली बघू’ म्हणालं, की मी सरळ डोळे मिटते.