रक्षेवरचा आंबा, भिंतीपासून लांब

मंडळी, आज सकाळी सासूबाईंची रक्षा नदीत न सोडता अंगणात खड्ड्यात घालून वर आंबा लावायचं ठरलं. धाकट्या दिरांनी खड्डा घेतला तो थेट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, जमिनीतल्या पाण्याच्या टाकीशेजारी.

मी म्हटलं, "भाऊजी, मुळं टाकी फोडतील. लांब घ्या."

"आवं वहिनी, आईला सैपाकघराजवळच करमायचं. आंबा मोठा हुईल तवा बघू की."

"तेव्हा काय बघणार? खाली आई आहेत. कुऱ्हाड कोण लावणार, तुम्ही?"

भाऊजी मग पहार उचलून अंगणाच्या मोकळ्या टोकाला गेले. रोप तिथे लागलं आणि माझा जीव भांड्यात पडला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसतंही.

आठवणीचं झाड लावताना तुम्ही आधी जागा बघता ना? ते पुन्हा कोणी तोडत नाही.